ही थरथर कोणाची?

गॅरेजमध्ये वारंवार येणारी तक्रार अशी असते: "गावात गाडी मस्त चालते हो, पण हायवेला नव्वदच्या पुढे गेली की थरथरते." उत्तरही बहुधा तयार असतं: "बॅलन्सिंग-अलाइनमेंट करून टाका." पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. होत नाही तेव्हा मात्र खरी पंचाईत सुरू होते. आधी टायर बदलले जातात, मग लोअर आर्म, मग शॉकअप, मग इंजिनाचं माउंटिंग. दरवेळी बिल होतं आणि गाडी पुन्हा नव्वदला जशीच्या तशी थरथरते. या सगळ्या खटाटोपात एक साधा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. ही थरथर सेकंदाला किती वेळा होते?

प्रश्न वरवर विचित्र वाटेल. थरथर म्हणजे थरथर, ती कोण मोजत बसणार? पण माझ्या मते गाडीच्या या दुखण्याची जवळजवळ सगळी उकल या एका आकड्यात आहे. सरळ, सपाट रस्त्यावर एका वेगाने चाललेल्या गाडीत थरथर सतत येत असेल, तर ती उगाच येत नाही. कोणता तरी फिरणारा भाग एका बाजूला जड आहे, किंवा पुरता गोल नाही, किंवा नीट मध्यावर बसलेला नाही. त्यामुळे तो दर फेरीला एक धक्का देतो. जितक्या फेऱ्या तितके धक्के. आणि नशिबाने गाडीतले सगळे भाग एकाच गतीने फिरत नाहीत. चाकाची गती वेगळी, इंजिनाची वेगळी, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रॉपेलर शाफ्टची आणखी वेगळी. त्यामुळे थरथरीचा आकडा कळला की ती कोणाची हे कळायला फार वेळ लागत नाही.

चाकापासून सुरुवात करू, कारण बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. आपल्याकडे खूप गाड्यांना असणारा १८५/६५ आर १५ मापाचा टायर घ्या. यातला १५ हा रिमचा इंचातला व्यास, १८५ ही टायरची मिलीमीटरमधली रुंदी आणि टायरची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. हिशेब केला तर पूर्ण चाकाचा व्यास ६२ सेंटिमीटरच्या आसपास येतो. गाडीच्या वजनाने टायर खाली थोडा दबतो, ते धरून एका फेरीत चाक साधारण १.९ मीटर पुढे जातं. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २७.८ मीटर. भागाकार करा: सेकंदाला साडेचौदा फेऱ्या. ताशी ८० ला पावणेबारा, ताशी १२० ला साडेसतरा. आपल्या गाडीच्या टायरवर लिहिलेलं माप घेऊन हा भागाकार प्रत्येकाने एकदा करून ठेवावा. पुढच्या सगळ्या तपासाचा पाया हाच आकडा आहे.

आता समजा या चाकाच्या रिमवर एका बाजूला २० ग्रॅम वजन जास्त आहे. रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळलेला पावसाळ्यातला चिखल सहज तेवढा भरतो. स्थिर चाकाला २० ग्रॅम म्हणजे काहीच नाही. पण फिरणारं वजन बाहेरच्या बाजूला ओढ लावतं आणि ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. ताशी ५० ला हे २० ग्रॅम चाकाला जेमतेम पाऊण-एक किलोच्या जोराने खेचतात. ताशी १०० ला हीच खेच सव्वातीन किलोंची होते आणि १२० ला पावणेपाचच्या घरात जाते. शिवाय ती एका जागी स्थिर राहत नाही. चाकाबरोबर फिरत ती कधी वर, कधी पुढे, कधी खाली, कधी मागे ओढते, ताशी १०० ला सेकंदाला साडेचौदा वेळा.

म्हणूनच शहरात चाळीस-पन्नासने फिरणाऱ्या गाडीत हा दोष महिनोन्‌महिने मुक्काम करून असतो आणि कोणाला कळत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला तेव्हा आपल्याकडच्या कित्येक गाड्या पहिल्यांदाच तासभर सलग वेगात धावल्या. समृद्धी महामार्गाने त्यावर कडी केली. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ५ जून २०२५ रोजी. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर सपाट भागात मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. गाडीतला जो दोष गावात कधी तोंड उघडत नाही तो इथे बोलायला लागतो. रस्त्याने दोष निर्माण केलेला नसतो, त्याने तो फक्त उघड केलेला असतो.

पण नुसत्या वर्गाच्या हिशेबाने एक गोष्ट उलगडत नाही. अनेक गाड्या ८५ ला थरथरू लागतात, ९५ ला जोरात थरथरतात आणि ११० ओलांडल्यावर पुन्हा शांत होतात. ओढ तर वेगाबरोबर वाढतच जायला हवी. मग थरथर कमी का होते?

झोपाळ्याला झोका देताना आपण काय करतो ते आठवा. झोपाळ्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत हलकासा हात लावला तरी झोका चढत जातो. लय सोडून भराभर ढकलत राहिलं, तर हात दुखतात आणि झोपाळा जागच्या जागी अडखळतो. गाडीचं चाक म्हणजे एका बाजूला टायरच्या हवेची स्प्रिंग आणि दुसऱ्या बाजूला सस्पेन्शनची स्प्रिंग यांच्यामध्ये टांगलेलं एक वजन आहे. त्याचीही स्वतःची लय असते आणि बहुतेक मोटारींत ती सेकंदाला दहा ते पंधरा हेलकाव्यांच्या दरम्यान पडते. स्टीअरिंग आणि त्याचे दांडे यांचीही लय पुष्कळदा त्याच भागात येते. आता मघाचे आकडे शेजारी ठेवा: ताशी ८० ला पावणेबारा फेऱ्या, १०० ला साडेचौदा. चाकाच्या फेऱ्या आणि चाकाची स्वतःची लय या पट्ट्यात एकमेकांना गाठतात. 'नव्वदच्या पुढे थरथरते' या तक्रारीतला नव्वद हा आकडा इथून येतो.

लय ओलांडून पुढे गेलं की यंत्र पुन्हा शांत होतं, याचा उपयोग माणसाने मुद्दाम करून घेतला आहे. स्वीडनच्या गुस्ताफ दे लाव्हाल या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्या घरात फिरणारी वाफेची टर्बाइन बनवली. इतक्या वेगाला किंचितही असमतोल चालत नाही आणि संपूर्ण समतोल साधणं तर अशक्य. त्याने टर्बाइनच्या चकतीला जाड, कडक दांड्याऐवजी बारीक, लवचीक दांडा दिला. सुरू होताना चकती एका ठरावीक वेगाला थरथरायची, तो वेग ओलांडला की आपणहून आपल्या वजनाच्या मध्याभोवती फिरू लागायची आणि शांत व्हायची. असं का होतं याचं आज शिकवलं जाणारं गणित आयर्लंडच्या जेफकॉटने १९१९ मध्ये मांडलं.

टर्बाइनमध्ये ही युक्ती होती, गाडीत मात्र हा धोक्याचा दिलासा आहे. "एकशेदहाला गेलं की बरी होते" असं म्हणून लोक वेग वाढवतात. हाताला जाणवणारी थरथर कमी झालेली असते हे खरं, पण चाकाची ओढ वाढलेलीच असते. ती बेअरिंग, बॉल जॉइंट आणि शॉकअप सोसत असतात. वेग वाढवून थरथर घालवणं हा उपाय मी कोणालाही सुचवणार नाही.

आता बाकीचे फिरणारे भाग. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांवर चाललं असेल, तर ते सेकंदाला ४० वेळा फिरतं आणि प्रत्येक फेरीत दोन सिलिंडरांत स्फोट होतात. म्हणजे सेकंदाला ८० धक्के. तीन सिलिंडरचं असेल तर फेरीला दीड, म्हणजे ६०. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत प्रॉपेलर शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट फिरतो, म्हणून ताशी १०० ला तो साठच्या जवळ जातो. शिवाय त्याच्या क्रॉसच्या सांध्यांचा एक मूळ स्वभाव आहे. सांधा कोनात असला की एका फेरीत त्याची गती दोनदा वाढते आणि दोनदा घटते. म्हणून शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस असतात, एकाची चूक दुसऱ्याने खोडायची. दोन्हींचे कोन सारखे असतील तोवरच हे जमतं. हौसेने गाडी उंच करून घेतली की कोन बिघडतात आणि फेरीला दोन या हिशेबाने थरथर सुरू होते.

हे आकडे उपकरणाशिवायही शरीराला ओळखता येतात. सेकंदाला चौदा हा हेलकावा दिसतो. स्टीअरिंगच्या कडा धूसर होतात, हात आडवे हलतात, बाटलीतल्या पाण्यावर लाटा उठतात. सेकंदाला चाळीस-पन्नास म्हणजे पायाखाली मुंग्या आल्यासारखी झिणझिण. ऐंशीच्या पुढे थरथर अंगापेक्षा कानाला जास्त कळते, गुणगुण होऊन. तेव्हा मेकॅनिकला "गाडी व्हायब्रेट होते" एवढंच सांगण्याऐवजी हलते, झिणझिणते की गुणगुणते, हे सांगितलं तरी अर्धा तपास होतो.

उरलेला अर्धा तपास करायला आपल्याकडच्या न्यायशास्त्राने फार जुनी रीत दिलेली आहे, अन्वय आणि व्यतिरेक. जिथे धूर तिथे अग्नी हा अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, जसा तळ्यावर नसतो, हा व्यतिरेक. पहिल्यावरच थांबलं की फसगत होते. थरथर वेगाबरोबर येते एवढ्यावरून चाकाला दोष देता येत नाही, कारण वेगाबरोबर इंजिनही जोरात फिरतं, वाराही वाढतो, रस्त्याचे सांधेही भराभर येतात. यातली एकेक गोष्ट काढून घेऊन थरथर उरते का ते पाहावं लागतं.

सगळ्यात सोपी परीक्षा गिअरची. ज्या वेगाला थरथर येते तो वेग तसाच ठेवा आणि पाचव्यातून चौथ्या गिअरमध्ये या. चाकं तितकीच फिरतात, इंजिन मात्र जास्त फिरू लागतं. थरथर जशीच्या तशी राहिली तर इंजिन निर्दोष. बदलली किंवा गेली, तर चाकांकडे बघण्यात अर्थ नाही, इंजिन आणि त्याची माउंटिंग तपासायची. गाडी उभी करून इंजिन तितक्याच फेऱ्यांवर नेलं आणि तीच झिणझिण आली, तर शंकाच उरत नाही. एवढ्या परीक्षेला पैसे लागत नाहीत, तरी ती न करता माउंटिंग बदललेल्या गाड्या कितीतरी असतील. एक सांगायला हवं: या परीक्षा मोकळ्या रस्त्यावर, शेजारी नोंद करणारा माणूस बसवून आणि वेगमर्यादेत राहून करायच्या. चालत्या गाडीत चावी बंद करण्याचा विचार तर मनातही आणू नये.

दुसरी परीक्षा अॅक्सिलरेटरची. वेग वाढवताना, विशेषतः चढावर पाय दाबला की थरथर येते आणि पाय उचलला की क्षणात जाते, असं असेल तर दोष जोर वाहून नेणाऱ्या भागात आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तो बहुधा अॅक्सलच्या आतल्या सांध्यात निघतो. या सांध्यात पुष्कळदा तीन रोलर असतात. त्यांच्या खाचा झिजल्या की जोर पडताच चाकाच्या एका फेरीला तीन धक्के बसतात. चाकाच्या असमतोलाला तुमच्या पायाशी काही देणंघेणं नसतं. वेग तोच असेल तर पाय दाबा की उचला, तो तितकाच हलवतो. बाहेरचा सांधा गेला तर गोष्ट निराळी. तो वळताना कटकट वाजून स्वतःच सांगतो.

ब्रेक लावल्यावरच थरथर आली, तर तिला चाकाच्या बॅलन्सिंगमध्ये शोधू नये. अशा वेळी "डिस्क वाकली" असं म्हणण्याची पद्धत आहे. खरं तर ती सहसा वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. मिलीमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा फरकसुद्धा पुरतो. जाड भाग पॅडमधून जाताना पकड वाढते, पातळ भाग जाताना सुटते आणि पायाखालचं पेडल धडधडतं.

बेअरिंग मात्र थरथरीपेक्षा आवाजाने जास्त ओळखू येतं. घुमणारा आवाज वेगाबरोबर चढतो आणि मोठ्या वळणावर त्याचा सूर बदलतो. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला तर बेअरिंग उजव्या बाजूचं. ही परीक्षा बहुतेक मेकॅनिकांना हाताच्या रेषांइतकी पाठ असते.

काळाचीही परीक्षा असते. महिनाभर एका जागी उभी राहिलेली गाडी निघाली की पहिले काही किलोमीटर धडधडते, कारण टायर जिथे जमिनीला टेकला होता तिथे सपाट झालेला असतो. तो गरम झाला की बहुधा पुन्हा गोल होतो आणि थरथर विरते. याच्या उलट थरथर सुरुवातीला नसून तासाभराने येत असेल, तर उतरून चारही चाकांजवळ तळहात न्या, रिमला न शिवता. एक चाक इतरांपेक्षा खूप तापलेलं असेल, तर त्याच्या ब्रेकचा कॅलिपर अडकला आहे.

रस्त्याची परीक्षा करायला लोक विसरतात. काँक्रीटच्या रस्त्यावर आडवे सांधे ठरावीक अंतरावर असतात, आपल्याकडे साधारण साडेचार मीटरवर. ताशी १०० ने जाताना सेकंदाला सहा सांधे चाकाखालून जातात. ही ठकठक गाडीची नव्हे. डांबरी पट्टा लागला की ती जाते, तेव्हा एका रस्त्यावर अनुभव घेऊन गाडी गॅरेजला नेऊ नये.

समजा या सगळ्या चाळणीतून थरथर चाकाचीच ठरली. तरीही 'चाक' हे पूर्ण उत्तर नाही, आणि सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो इथे. बॅलन्सिंग मशीनवर चाक शून्य दाखवतं आणि गाडीवर चढवल्यावर थरथरतं. मालकाला वाटतं मशीन खोटं, मशीनवाल्याला वाटतं गाडीत दुसरं काहीतरी आहे. दोघंही प्रामाणिक असू शकतात.

मशीन चाक कसं धरतं ते बघा. रिमच्या मधल्या भोकात शंकू घालून ते चाक बरोबर मध्यावर धरतं आणि हवेत फिरवतं. गाडीवर तेच चाक हबवर बसतं. कंपनीच्या रिमचं भोक हबवर बेताचं बसेल असं असतं, पण बाहेरून बसवलेल्या अलॉयचं भोक अनेक गाड्यांना चालावं म्हणून मोठं ठेवलेलं असतं आणि मधली पोकळी भरणारी कडी घातलेली नसते. मग चाक फक्त नटांवर टांगलं जातं. नट क्रमाने गोल गोल आवळत गेलं की ते किंचित एका अंगाला सरकतं. मशीनचा मध्य आणि गाडीचा मध्य वेगळे झाले. हबच्या तोंडावर गंज किंवा माती असेल तरी हेच होतं. म्हणून चाक चढवण्याआधी हब तारेच्या ब्रशने साफ करणारा आणि नट समोरासमोरचे आवळणारा माणूस भेटला, तर त्याला धरून ठेवावं.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. समतोल आणि गोलाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लंबगोल टायरलाही वजनं लावून हवेत समतोल आणता येतो. तो हवेत सुंदर फिरेल. रस्त्यावर टेकला की मात्र दर फेरीला गाडीला वर उचलेल आणि खाली सोडेल. काही मशीनवर यासाठी एक रूळ असतो. तो फिरत्या टायरवर रस्त्यासारखा दाब देतो आणि टायर कुठे कडक, कुठे मऊ आहे ते मोजतो. असं मशीन जवळ नसेल तरी आकडा मदतीला येतो. लंबगोल टायरला दोन उंच बाजू असतात, म्हणून तो फेरीला दोन धक्के देतो. ताशी ५० ला चाक सेकंदाला सव्वासात वेळा फिरतं, त्याची दुप्पट साडेचौदा. म्हणजे चाकाची स्वतःची लय हा टायर पन्नासच्या आसपासच गाठतो. थरथर नव्वदला येते आणि तिची लहान बहीण पंचेचाळीस-पन्नासलाही भेटून जाते, असं असेल तर वजनं लावण्याआधी टायरची गोलाई तपासावी.

कोणतं चाक हे शोधायला पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकावीत. पुढच्या चाकाचा दोष बहुधा स्टीअरिंगमध्ये जाणवतो, मागच्याचा सीटमध्ये. चाकं फिरवल्यावर थरथर हातातून सीटमध्ये गेली, तर ती चाकाबरोबर गेली. जागेवरच राहिली, तर हब, डिस्क, बेअरिंग किंवा सस्पेन्शन बघायचं.

आता मला सगळ्यात मोहवणारी गोष्ट, जिच्यामुळे कित्येक तक्रारी 'ग्राहकाचा भास' म्हणून परत पाठवल्या जातात. थरथर येते, अर्ध्या मिनिटाने जाते, पुन्हा येते. वेग तोच, रस्ता तोच. मेकॅनिक शेजारी बसला की नेमकी गायब. भास नव्हे हा. समजा पुढच्या दोन्ही चाकांत थोडा थोडा असमतोल आहे. दोन टायर कधीच तंतोतंत सारखे नसतात. झीज, हवा यांत फरक असतोच. त्यांच्या परिघात हजारात दोन एवढा फरक असला, तरी साडेचौदा फेऱ्यांत एक चाक दुसऱ्याहून किंचित पुढे सरकत जातं आणि साधारण पस्तीस सेकंदांनी ती पुन्हा जुळतात. दोन्हींचे जड भाग विरुद्ध बाजूंना असतात तेव्हा एक चाक पुढे ओढतं, त्याच वेळी दुसरं मागे, आणि स्टीअरिंग जोरात हलतं. जड भाग एकाच बाजूला आले की दोन्ही ओढी चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडमध्ये एकमेकींना खोडतात. हात शांत होतात आणि त्याऐवजी गाडीचं अंग हलतं.

वळणाने तर हा खेळ एका क्षणात बदलतो. वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर धरलं, तर सदतीस-अडतीस अंशांच्या वळणात बाहेरचं चाक जवळजवळ अर्धी फेरी जास्त फिरतं. म्हणजे वळणाआधी जड भाग विरुद्ध होते, वळण संपताना एका बाजूला आले. "त्या वळणानंतर थरथर गेली" असं कोणी म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवावा. त्याने दोन्ही चाकं दोषी असल्याचा पुरावाच आणून दिला आहे. एकाच चाकात दोष असता, तर वळणाने काही फरक पडला नसता.

हे सगळं पूर्वी अनुभवी हातांवर सोपवावं लागे. आज खिशातल्या फोनमध्ये हालचाल मोजणारी चिप असते आणि ती सेकंदाला शंभर ते काहीशे वेळा मोजते. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने २०१६ मध्ये काढलेलं 'फायफॉक्स' नावाचं मोफत अॅप या मोजणीतून थरथरीचा आकडा काढून दाखवतं. फोन सीटच्या लोखंडी पट्टीला घट्ट बांधावा आणि शेजारच्याने आलेखात उंच टोक कुठे येतं ते लिहावं. वेग फोनच्या जीपीएसवरून घ्यावा, कारण गाडीचा काटा थोडा जास्तच दाखवतो. मग वेग बदलून पुन्हा मोजावं. ८० ला टोक पावणेबारावर आणि १०० ला साडेचौदावर आलं, तर ते चाक. तीस-चाळीसच्या भागात दिसलं, तर चाकाच्या दुपटीशी किंवा तिपटीशी ताडून बघायचं. आणि टोक वेग बदलला तरी एकाच जागी ठाम राहिलं, तर ते फिरणाऱ्या भागाचं नव्हे. रस्त्याचे धक्के खाऊन गाडीचा एखादा भाग आपल्याच लयीत हलतो आहे, आणि तिथे शॉकअप थकलेला असण्याचा संभव मोठा.

अलाइनमेंटबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं, कारण ते प्रत्येक दुखण्यावरचं औषध म्हणून विकलं जातं. चाकांचे कोन चुकले की गाडी एका बाजूला ओढते, टायर वाकडे झिजतात. पण कोन दर फेरीला बदलत नाही, म्हणून तो थेट थरथर निर्माण करत नाही. चुकीच्या कोनाने किंवा मेलेल्या शॉकअपने टायरवर खड्डे-उंचवटे पडले, तर पुढे ते थरथरतात हे खरं. तेव्हा मात्र नुसतं अलाइनमेंट करून थरथर जात नाही, झिजलेला टायर झिजलेलाच राहतो.

एका थरथरीला मात्र कोणतीही परीक्षा लावत बसू नये. जी पूर्वी नव्हती, दर दिवसाला वाढते आहे आणि आता तीस-चाळीसलाही गाडी डुलवते, ती टायरच्या आतल्या तारांचे थर सुटत असल्याची असू शकते. थांबून टायरवरून नजर फिरवा. कुठे फुगवटा आहे का, नक्षीची ओळ कुठे वाकडी झाली आहे का बघा. टायर किती जुना आहे हे कळायला त्याच्या अंगावरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. फुगवटा दिसला तर तिथेच स्टेपनी लावावी आणि हळू घरी यावं.

बाकी सगळ्या थरथरींना वेळ देता येतो. गॅरेजला जाताना एक कागद न्यावा. त्यावर टायरचं माप, थरथर कोणत्या वेगाला सुरू होते आणि कोणत्याला विरते, चौथ्या गिअरमध्ये बदलते का, पाय उचलल्यावर काय होतं, ब्रेकने काय होतं, हातात येते की सीटमध्ये, आणि जमलं असेल तर फोनने दाखवलेला आकडा लिहावा. आणि मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच वेगाला एक फेरी मारून आणावी, गाडी लिफ्टवर चढवण्याआधी.